टेपचं दुसरं टोक

धुळ्याला देवपुरात धनसिंग आबांचं घर आहे. खाली तीन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, वर एक अर्धवट खोली. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर होताना मिळालेलं सगळं आबांनी त्यात ओतलं. तरी समाधान नाही. बोलताना ते घरावर नेहमी एक मजला जास्तीचा चढवत.

आबांच्या मुलासाठी, ललितसाठी चाळीसगावच्या रूपचंदभाऊंच्या मुलीचं, रत्नाचं स्थळ आलेलं. खान्देशात मुलीकडचे आधी घर बघतात, मग मुलगा. त्यामुळे दारात दोन अनोळखी माणसं दिसली, तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत आबांनी चहा सांगितला. पाहुण्यांनी टेप काढली. पार्टी चोख आहे, असं म्हणत आबांनी दुसरं टोक स्वतः धरलं.

"हे पुढचं दुकान. वर भाडेकरू, फार सज्जन!"

पाहुणे पालिकेचे होते, हे आबांना नोटीस आल्यावर कळलं. घरपट्टी तिप्पट. दुकानाची आणि भाडेकरूची धरून.

"विकून टाकू आणि गावी पिंपळनेरला जाऊ," आबा म्हणाले. गिऱ्हाईकं आली. घर आवडायचं, पट्टी ऐकली की चेहरे पडायचे. "दरवर्षी एवढी भरायची, तर भाव खाली आणा, आबा." जिभेवर बांधलेल्या दुकानाने खऱ्या घराची किंमत पाडली होती. पेन्शनीत पट्टी झेपेना, पडलेल्या भावात घर सोडवेना.

आबांच्या बायकोने, यशोदाबाईंनी लाटणं आपटलं. "पापडनी शेडनं दुकान तुमीच करं. आते तुमीच खरं सांगी टाका!"

आबांनी हरकत नोंदवली. फेरमोजणीचे साहेब नेमके त्याच सकाळी आले, ज्या सकाळी रूपचंदभाऊ ओट्यावर चहा पीत बसले होते. आणि दुकान नि भाडेकरू आबांनी त्यांनाही फोनवर ऐकवलेले! आता खरं बोलावं तर सोयरीक जाते, गप्प बसावं तर घर.

साहेबांनी विचारलं, "दुकान कोणतं?"

आबांनी यशोदाबाईंकडे बघितलं. त्या बघतच होत्या.

"हाई दुकान नही शे, भाऊ. पापडनी शेड शे."

"आणि वरचे भाडेकरू?"

"कबुतरं ऱ्हातस. भाडं देतस नही."

साहेब हसले. "मग दोन्ही नोंदी काढायला सांगतो. पट्टी बरीच खाली येईल."

आबांचं लक्ष मात्र रूपचंदभाऊंकडे. भाऊंनी कप खाली ठेवला.

"धनसिंगभाऊ, तुमच्या दुकानाचं ऐकलं, तसं पट्टीचंही ऐकलं होतं. तिथंच तर अडलो होतो. पोराची कमाई घरच खाणार असेल, तर माझ्या पोरीनं काय खायचं? आता जमेल." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आमच्याकडचंही एक खरं सांगतो. रत्नाला पापड लाटता येत नाहीत."

"ललितला येतात," यशोदाबाई म्हणाल्या.

साहेबांनी टेप सोडली. आबा सवयीने पुढे सरसावले, तसे रूपचंदभाऊ उठले आणि त्यांनी टोक आपल्याकडे घेतलं.

"तुम्ही बसा, व्याही. तुमच्या हातात दिलं की घर वाढतं."