मंजुळाकाकी आणि विहिरीचं पाणी

मंजुळाकाकी आज सकाळी गेली.
आळीची बाग आपणच मारली, असं ती शेवटपर्यंत समजत होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. खाडीकाठच्या करावे गावात आमच्या घरांमागे परसबागा होत्या. शेतं तर नव्या शहरासाठी केव्हाच गेली होती, एवढाच तुकडा हातात उरला होता.

दर रविवारी काकीच्या ओट्यावर बायका टोपल्या घेऊन जमायच्या. तुझी भेंडी मला, माझा दुधी तुला.
नियम एकच. वेलीचं पहिलं फळ आपल्या घरात शिजवायचं नाही, शेजारी द्यायचं.

कीड लागो, फूल गळो, सगळ्या काकीकडे बघायच्या. तिचा शब्द फायनल.

एका उन्हाळ्यात सगळ्यांच्या वांग्यांची पानं कडेने करपायला लागली.

"पानी कमी परतंय," काकी फुल कॉन्फिडन्सने म्हणाली. "दुप्पट घाला."

आळीच्या विहिरीतून दुप्पट पाणी काढून घातलं. पानं आणखी करपली.

"अजून घाला."

महिनाभरात अख्खी आळी वाळली. बियाण्याला राखलेली फळंसुद्धा.

मग कोणीतरी विहिरीचं पाणी जिभेला लावलं.

खारट!

खाडीच्या बाजूला इमारतींसाठी भराव पडला होता आणि वाट अडलेलं खारं पाणी विहिरीत शिरलं होतं. मिठागरात राबलेल्या बायका या. पण घरात नळ आल्यापासून विहिरीचं पाणी कोणी तोंडात घेतलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ओट्यावर काकी एकटीच. टोपलीत घालायला कोणाकडे काही नव्हतं, म्हणून कोणी आलं नाही. तिला वाटलं, सगळ्यांनी राग धरला.

"मीच मारली गो सगल्यांची झारं."

किती समजावलं, पण ती ऐकेल तर शपथ. भराव घालणारे मजेत राहिले, शिक्षा हिने भोगली. आजही डोकं फिरतं माझं.

त्यानंतर तिने कोणाला सल्ला दिला नाही. तुळशीला पाणी घालतानाही आधी थेंबभर चाखायची, नळाचं असलं तरी. आम्ही पोरी हसायचो.

आज सकाळी तिच्या मुलाने मला हाक मारली, "ये, पाणी घाल तोंडात."

चमचा तिच्या ओठांपाशी नेला आणि हात थांबला.
तळहातावर थेंब घेऊन आधी मी चाखलं.

"गोड हाय गो काकी. घे."

कोणाचाच राग नव्हता तुझ्यावर.
आळीचा शेवटचा नमस्कार.