पाच स्प्रिंगा आणि बॉम्बेचा इंजिनिअर

सीताबर्डीच्या एका वाद्यांच्या दुकानदारानं रामटेकेला फसवलं, आणि त्याआधी सहा वर्षं मला फसवलं.

रामटेके पोस्टात सॉर्टर होता. माझ्या टेबलावर इलेक्ट्रिक गिटार ठेवून तो मला उजवी करंगळी दाखवत होता. ती सुजली होती.

"आर्म दाबू दाबू झालं हे, मिस्त्री. रविवारी ऑर्केस्ट्राची ट्रायल आहे. मास्टर म्हणते, मींड येत नसन तर मी गोंदियाचा माणूस बोलावतो."

आर्म म्हणजे गिटारच्या ब्रिजला बसवलेली वाकडी दांडी. ती दाबली की तारा ढिल्या पडून सूर उतरतो, वर ओढली की चढतो. रामटेके आधी हवाईन गिटार वाजवायचा. तिथं तारेवरून सळई सरकवून मींड काढतात. तीच मींड त्याला या दांडीनं काढायची होती. पण दांडी दाबायला सगळं मनगट लागायचं, आणि वर तर ती हलतच नव्हती.

"सेट कोणी केली?"

"शेठनं मागच्या महिन्यात बॉम्बेले पाठवली होती. तिथल्या इंजिनिअरनं केली. शेठ म्हणे, इम्पोर्टेड माल असाच टाइट राहते, सवय होऊन जाईन."

हा इंजिनिअर मला चांगला ठाऊक होता. सहा वर्षं त्या दुकानाचं रिपेअरिंग मागच्या दारानं माझ्याकडे यायचं आणि पुढच्या दारानं 'बॉम्बेचं काम' म्हणून जायचं. बिलावर माझं नाव टाका म्हटलं, तर शेठ म्हणाले, हार्मोनियमवाल्याचं नाव पाहून गिटारवाला येईल का? त्या दिवशी मी त्यांचा पेचकस, स्क्रू फिरवायचा, त्यांच्याच काउंटरवर आपटून निघून आलो. ही गिटार दुकानात गेली ती त्यानंतर.

गिटारचं मागचं झाकण उघडलं. आत खाच असते, आणि तिच्यात स्प्रिंगा. समोरून तारा ब्रिजला ओढतात, मागून स्प्रिंगा. दोन्ही ओढ सारखी असली तरच आर्म हलकी चालते. इथं पाचच्या पाच स्प्रिंगा लावून, त्या जिच्यात अडकतात ती पट्टी स्क्रूनं लाकडापर्यंत आवळून टाकली होती. ब्रिज गिटारच्या अंगाला चिकटून बसला होता. स्प्रिंगा झणझणू नयेत म्हणून खाली कागदाचा बोळा कोंबला होता.

बोळा उलगडला. आपल्या नागपूरचा मराठी पेपर. सक्करदऱ्याच्या एका मंडपवाल्याची जाहिरात, आणि तारीख त्याच आठवड्यातली, ज्या आठवड्यात गिटार बॉम्बेला होती.

रामटेकेनं तारीख दोनदा वाचली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे गेलीच नाही?"

"काम करून देतो," मी म्हटलं. "मजुरी नेहमीची. पण ट्रायलला मी येणार. आणि काम माझं आहे, हे तुम्ही शेठसमोर मोठ्यानं सांगायचं."

"ऑर्केस्ट्राचे अँप्लिफायर त्याह्यच्याच दुकानातले आहेत, भाऊ. मास्टरच्या कानात सांगतो."

"कानात नाही."

"बरं, चाय पेताना सांगतो."

"उचला मग गिटार."

त्यानं करंगळीकडे पाहिलं आणि कबूल केलं.

शाळा माझी सातवीपर्यंत. स्प्रिंगा मी कापडाच्या गिरणीत शिकलो, मागावर. दोन स्प्रिंगा काढल्या, तीन ठेवल्या. पट्टीचे स्क्रू पाव फेरा ढिले करायचे, तारा परत सुरात लावायच्या, मग पुन्हा पाव फेरा. घाई केली की सगळं बिघडतं. ब्रिजखाली नाणं सरकेल इतकी फट आली तेव्हा थांबलो. तारा जिथून सरकतात त्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे सूर जागेवर परत येतो. आर्म तिच्या भोकात सैल झुलत होती, म्हणून तिच्या आट्यांवर मेण लावलेला सुती दोरा गुंडाळला. शेवटी फडक्यात गुंडाळून, टेबलाच्या शिकंज्यात आवळून थोडी वाकवली, करंगळीखाली येईल अशी.

रामटेकेनं तिसऱ्या तारेवर सा धरला आणि आर्म ओढली. बरोबर रे लागला. सोडली, परत सा. त्यानं तेच वीस वेळा केलं. मी मोजले.

रविवारी सकाळी ट्रायल. शेठ मास्टरच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. रामटेकेनं एक धून वाजवली आणि शेवटचा सूर असा चढवला की तबलेवाल्यानं मान वर केली. मास्टर म्हणाले, "आता ही मींड झाली."

शेठ लगेच म्हणाले, "बॉम्बेचं काम आहे, मास्टर. म्हटलं नव्हतं का?"

मी रामटेकेकडे पाहिलं. त्यानं घसा साफ केला.

"नाही शेठ. हे या मिस्त्रीनं केलं. बॉम्बेचं काम माह्या करंगळीवर आहे, पाहून घ्या."

मी तो कागद अँप्लिफायरवर पसरला.

"पेपर काय, कुठंही जाते," शेठ म्हणाले.

"सक्करदऱ्याचा मंडप बॉम्बेवाले काहून बुक करतीन गा?" मास्टरनं विचारलं. सारा ऑर्केस्ट्रा हसला. शेठ पान खायला म्हणून उठले, ते ट्रायल संपेपर्यंत आले नाहीत.

गोंदियाचा माणूस कोणी बोलावला नाही. रामटेके त्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवत राहिला, आणि ऑर्केस्ट्राची सगळी वाद्यं माझ्याकडे पुढच्या दारानं येऊ लागली. धडा एवढाच की आवळलेली वस्तू पक्की दिसते, पण दुखतो तो वापरणाऱ्याचा हात.

मात्र माझा प्रश्न अजून तसाच आहे. सहा वर्षं ज्यानं ती वाद्यं दुरुस्त केली, त्या बॉम्बेच्या इंजिनिअरचं नाव शेठनं सांगावं. नसेल सांगता येत, तर त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानात बोलवावं आणि काउंटरमागून बाहेर येऊन माझं नाव सांगावं. मी येऊन उभा राहीन.