एका हाकेची हजेरी

शेलूबाजारहून आलेल्या मोटारीतून कंडक्टर उतरला आणि तिकिटांची पेटी काखेत धरून सरळ माझ्याकडेच आला. "मास्तर, दूधवाली बाई गेली," म्हणाला. मला आधी आमच्याकडे रतीब घालणारी बाई आठवली. ती तर सकाळीच दुधात नेहमीप्रमाणे पाणी घालून गेली होती. मी म्हटलं, "कोण दूधवाली?" तो म्हणाला, "भुकटीच्या दुधाची, बावा. सगुणाबाई. आमच्या गावाला भाचीकडे आली व्हती, काल दुपारी बसल्या बसल्या गेली." मी स्टँडवरच्या बाकावर बसलो, ते शाळेची घंटा झाली तरी उठलो नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी त्या दिवशी पहिल्यांदा उशिरा पोचलो. आज त्याला तीन आठवडे झाले.

बाहेरच्या वाचकाला सगुणाबाई कोण हे सांगायला हवं. आमच्या तालुक्यात मदत मंडळाची शाखा निघाली ती स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी. मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांनी ठरवलं, जिल्ह्याला पत्र आलं, जिल्ह्याने तालुक्याला पाठवलं, आणि तालुक्यात इंग्रजी पत्र वाचणारा रिकामा माणूस म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी चिटणीस झालो. सगुणाबाई लहानपणीच विधवा झालेल्या, अकोल्याला सुईणीचं काम शिकून आलेल्या. तालुक्यातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. कागदावर चिटणीस मी आणि शाखा म्हणजे त्या, असा आमचा कारभार होता. कापसाच्या जिनाच्या मागे सरकीचं एक रिकामं गोदाम मिळालं. तिथे ब्लँकेटं, टिंक्चरच्या बाटल्या, विहिरीत टाकायची पावडर आणि दुधाच्या भुकटीची पिंपं येऊन पडली. पहिल्या वाटपाच्या दिवशी एका म्हाताऱ्याने भुकटी चिमटीत घेऊन विचारलं, "हे कोन्त्या म्हशीचं हाय?" बाई म्हणाल्या, "मेलेल्या नाई, जित्या म्हशीचं हाय. पी गुमान." तो प्यायला. पोहरादेवीच्या यात्रेत तीन दिवस पाण्याच्या टाक्यांवर उभ्या राहून पावडर टाकणाऱ्या आणि नाक मुरडणाऱ्या लोकांना त्याच टाकीतलं पाणी स्वतः आधी पिऊन दाखवणाऱ्या त्याच.

आता जे लिहिणार आहे ते टाळावं असं फार वाटलं. पण ते टाळून सगुणाबाईंवर लिहिणं म्हणजे नवरदेव वगळून वरात काढण्यासारखं आहे.

शाखा निघून वर्ष झालं असेल-नसेल, चैत्रात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. आमच्याकडे तिला पटकी कोणी म्हणत नाही, मरी म्हणतात. मरी आली की लोक दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधतात आणि हाकेला ओ देणं बंद करतात. समजूत अशी की, मरी दारात येते आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन हाक मारते. ओ दिली की माणूस तिचा झाला. मात्र तिला दोनच हाका मारता येतात, तिसरी तिच्या गळ्यातून निघत नाही. म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहायचं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी याच मातीतला. माझ्या आईने मला लहानपणी दाराआड तोंड दाबून बसवलेलं आहे. पण पुढे मी शिकलो, मास्तर झालो आणि रोज सकाळी चाळीस नावं वाचू लागलो. एक हाक, 'हजर' आलं तर ठीक, नाही तर गैरहजर. या सवयीने आईची सवय पुसून टाकली.

टेकडीखालची चौदा घरांची वस्ती मी पाहून यावं आणि सगुणाबाईंनी नदीकाठची दोन गावं करावीत असं ठरलं. मी सायकलवर गेलो. पोचलो तेव्हा बरोबर डोक्यावर ऊन. चौदाही दारं बंद. डहाळे वाळून करकरीत झालेले. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडं दिसलं नाही. ब्लँकेटाच्या वाटपाची जुनी यादी माझ्याकडे होती. मी मध्यभागी उभा राहून शाळेतल्या आवाजात एकेक नाव वाचलं. प्रत्येकाला एक हाक. नाव घेतलं की ते त्या बंद दारावर जाऊन लागायचं आणि तिथेच मुरायचं. परत काही येत नव्हतं. शेवटचं नाव पार्वता किसन. त्या घरासमोर दोरीवर एक लुगडं वाळत घातलेलं होतं आणि त्याच्या काठावरून पाणी ठिबकत होतं. ते मी पाहिलं. टपकन् थेंब पडलेला, मातीने तो पिऊन टाकलेला, सगळं पाहिलं... आणि तरी कागदावर लिहिलं : "वस्ती रिकामी. लोक मजुरीला परगावी गेले असावेत." मग मी सायकल इतक्या जोरात हाणली की चढावरसुद्धा उतरलो नाही. चौदा दारांच्या फटींतून माझ्या पाठीकडे कोणीतरी बघतंय असं वाटत होतं. खरोखरच बघत होते.

संध्याकाळी गोदामात सगुणाबाईंनी कागद पाहिला. त्यांना वाचायला वेळ लागत असे. "रिकामी?" त्या म्हणाल्या. "हाका मारल्या ना तुमी?"

"मारल्या की. एकेकाचं नाव घेऊन."

"किती?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. "एक," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घातली. त्यांनी कपाळाला हात लावला असता, मला दोन शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं. गाडी पहाटेशिवाय मिळणार नव्हती. दिवस उगवायला आम्ही वस्तीवर पोचलो. बाईंनी पहिल्या दारासमोर उभं राहून एक हाक मारली, थांबल्या. दुसरी मारली, थांबल्या. तिसरी मारली... आणि आतून, अगदी दाराला लागूनच, आवाज आला, "ओ." मग दुसरं दार. मग तिसरं. मी रिकामी लिहिलेली वस्ती एकेक 'ओ' करत उघडत गेली. आतून माणसं भिंत धरून बाहेर आली, काहींना उचलून आणावं लागलं. शेवटच्या घरातून तिसऱ्या हाकेला ओ आली नाही. दार उघडलं ते पार्वताच्या नवऱ्याने, किसनने. त्याच्या खांद्यावर तान्ही पोर होती, जिवंत. सगुणाबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. म्हणाल्या, "मास्तर, पानी तापवा."

पार्वता गेली होती. केव्हा गेली? मी हाक मारली तेव्हा होती का? हा प्रश्न मी सगुणाबाईंना त्यानंतरच्या पाच वर्षांत किती वेळा विचारला असेल. कधी सरळ विचारला, कधी आडून. त्या मेलेल्यांचं अंग हाताळणाऱ्या बाई, त्यांना कळलं नसेल असं होणार नाही. पण दर वेळी एकच उत्तर : "मास्तर, शाळा सोडून दुसरीकडे हजेरी घेत नोका जाऊ." मी चिडत असे. दोन-दोन आठवडे बोलणं सोडत असे. मग बाईच गोदामात चहा घेऊन येत.

पुढे त्या वस्तीवर दर बुधवारी दुपारी दूध वाटपाचं केंद्र झालं. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भुकटी कालवायची आणि यादी वाचायची. पार्वताचं नाव बाईंनी यादीतून काढू दिलं नाही. मी रेघ मारली तर दुसऱ्या दिवशी ते नाव खाली त्यांच्या वाकड्या अक्षरात परत लिहिलेलं असे. मरी जाऊन वर्षं झाली, तरी बाई प्रत्येक नाव तीनदा घेत आणि पार्वताचंही तीनदा घेत. तिसऱ्या हाकेनंतर थोडा वेळ थांबत. मग तिच्या वाटणीचं दूध तिच्या पोरीच्या वाटीत ओतत. मी याला हळवेपणा समजत होतो.

एका बुधवारी मी सोबत होतो. किसन रांगेत माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, पोरीचं बोट धरून उभा. त्याचं ते शेवटचं घर त्याच्या मागे कुलूप लावून बंद. बाईंनी पार्वताला तिसरी हाक मारली, आणि त्या घरातून "ओ" आली. बारीक, दमलेल्या बाईची. किसनचे ओठ मिटलेले होते, मी त्यांच्याकडेच पाहत होतो. रांगेतल्या कोणी मान वळवली नाही. एका बाईने फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ऐकलंत?" मी विचारलं. सगुणाबाई दूध ढवळतच म्हणाल्या, "लिहा, हजर." टेकडीचा पडसाद असेल, असं मी रस्ताभर स्वतःला सांगितलं. पण पडसाद हाकेचा येतो. ओचा कसा येईल?

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी कोणी गेलं नाही. दुसऱ्या बुधवारी मी गेलो. पहिलं नाव वाचलं आणि दुसरी हाक मारायला श्वास घेतला, तोच "ओ" आली. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. ज्या वस्तीने जन्मात पहिल्या हाकेला तोंड उघडलं नाही, ती मला पहिल्याच हाकेला ओ देत होती. मी वाचायचा थांबलो. पुढे उभ्या असलेल्या म्हातारीला विचारलं, "आज काय झालं तुम्हाला?"

ती म्हणाली, "बाईनं सांगून ठेवलं व्हतं. मी गेल्यावर मास्तर येईन. त्याले एकच हाक मारता येते. पह्यल्याच हाकेले ओ देजा, त्याले तरसवू नोका."

मी यादीवर बोट ठेवून पुढची नावं वाचत गेलो. पार्वताच्या नावाशी आलो, तेव्हा किसन रांग सोडून जवळ आला. हा माणूस पाच वर्षांत माझ्याशी रामराम सोडून शब्द बोलला नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "एक सांगू काय? बाईनं सांगू देल्लं नाई. मने, मी हाव तोवर बोलू नोको, तो मानूस झुरून मरीन."

"सांग."

"त्या दिशी ते जिती व्हती. तुमची हाक आयकली तिनं. मले मने, 'मास्तर हायेत जी, आवाज वळखतो मी, ओ देतो.' म्या तिच्या तोंडावर हात ठेवला. तिसरी हाक आली का सोडतो, मनलं... दोन्ही हातानं दाबून धरलं व्हतं, मास्तर. तुमी गेले तरी धरूनच व्हतो."

मी सगुणाबाईंवर मनातून रागावलो. आम्हा दोघांना एकाच वस्तीवर, एकाच रांगेशी पाच वर्षं समोरासमोर उभं करून त्यांनी हे एकट्याने गिळलं होतं. आणि त्यांची आठवण इतकी दाटून आली की मला गंजाचा काठ धरावा लागला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "किसन, त्या घरातून ओ येते ती..."

तो मागे वळून घराकडे पाहून म्हणाला, "तवा म्या देऊ देल्ली नाई. आता देते."

मी यादी वर धरली आणि पार्वताचं नाव घेतलं. एक हाक मारली. मग दुसरी मारली. मग तिसरी. सगुणाबाई थांबायच्या तेवढा वेळ आम्ही सगळे उन्हात थांबलो. बाया, पोरं, किसन, मी. मग पोरीने वाटी पुढे केली आणि मी तीत दोघींचं दूध ओतलं.