देवाजवळ ठेवलेली बाटली

विश्रामबागेतल्या लॅबच्या काउंटरवर मी बायकोच्या गर्भपिशवीतला तुकडा म्हणून पाव किलो भडंग ठेवलं.

काउंटरवरच्या मुलीने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, थैलीत डोकावून पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग फार नम्रपणे म्हणाली, "काका, यातलं नेमकं काय तपासायचं?"

"गर्भपिशवीच्या आतलं," मी आवाज खाली आणून म्हणालो. मागे चार माणसं उभी होती.

"यात शेंगदाणे आहेत हो."

मागची चारही माणसं पुढे वाकली.

मी तिथे कसा पोचलो, हे सांगायचं तर दोन महिने मागे जायला हवं. मी नुकताच निवृत्त होऊन माधवनगरच्या घरी बसलो होतो. एका सकाळी बायको म्हणाली, "आजपासून चार दिवस पूजा तुम्ही करा." आमच्याकडे देव तिचे आणि वर्तमानपत्र माझं, अशी तीस वर्षांची वाटणी. मला वाटलं, माझ्यातला सात्त्विक माणूस अखेर हिला दिसला! मी भक्तिभावाने घंटा वाजवली. इतकी वाजवली की शेजारीण घंटागाडी आली म्हणून कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली. पुढच्या महिन्यात पुन्हा चार दिवस पूजा माझ्याकडे आली. तेव्हा तर मी गंधसुद्धा लावायला लागलो.

हे कौतुक कुणाला तरी सांगायला हवं होतं. मलकापूरला माझी थोरली बहीण असते, आक्का. तिला फोन लावला.

"चारच दिवस?" आक्काने विचारलं.

"हो, चारच."

"आन् गेल्या म्हयन्यात?"

"तेव्हाही चारच."

पलीकडून आवाज आला तो थेट कानात घुसला. "आरं येड्या! तिचं बंद हून पाच वर्सं झाली की! पूजा कसली करतोयास? तिला इचार जा, काय होतंय त्ये!"

म्हणजे घरातल्या बाईला रक्त जातंय, हे मला मलकापूरहून कळलं. मी स्वयंपाकघरात गेलो. बायको मेथी निवडत होती. मी विचारलं, तशी मान वर न करता म्हणाली, "थोडंसंच जातं. उष्णता असेल. सब्जा घेतेय मी."

"दोन महिने? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं की मलकापूरला कळतं."

फोन अजून चालूच होता. त्यातून आक्का सांगत होती, "काढून टाक म्हनावं ती पिशवी! हिकडं लय बायकांनी काढलीया. मागं किटकिट न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला बायकांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण बोलायला माझ्या हेडमास्तरांसारख्या. "पाळी थांबून वर्ष झालं, की त्यानंतर एक डाग दिसला तरी दाखवायला यायचं. दोन महिने सब्जा नाही घ्यायचा."

"मी काय म्हणतो," मी पुढे सरसावलो, "सरळ पिशवीच काढून टाकली तर?"

"ह्यांचं ऐकू नका," बायको म्हणाली, "हे फोनवरचा निरोप सांगताहेत."

बाईंनी मग समजावून सांगितलं. या वयात आतलं अस्तर सुकून पातळ होतं आणि त्यातून रक्त येतं, कधी आत मांसाचा साधा कोंब, म्हणजे पॉलिप, उगवलेला असतो. बहुतेक बायकांचं एवढ्यावरच भागतं. पण काहींच्या बाबतीत कॅन्सर निघतो, आणि तो लवकर सापडला तर उपचार चांगले होतात. म्हणून आधी बघायचं, काढायचं काय ते नंतर ठरवायचं. तो एक शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. त्याच्या पुढचं मी काहीच ऐकलं नाही. बायकोने सगळं ऐकलं, वर दोन प्रश्नही विचारले.

आतून सोनोग्राफी झाली. अस्तर हवं त्यापेक्षा जाड निघालं. मग दुर्बीण घालून आत बघायचं, असेल ते काढायचं आणि तपासायला पाठवायचं, असं ठरलं. "भूल देऊ, संध्याकाळी घरी सोडू," बाई म्हणाल्या. ठरलेल्या दिवशी सकाळी बायकोला आत नेलं, तेव्हा ती जाता जाता मला म्हणाली, "गॅसचा कॉक बंद केलाय ना?" मी हो म्हणालो. केला होता की नव्हता, देव जाणे.

तासाभराने नर्सने माझ्या हातात बोटभर उंचीची बाटली दिली. पाण्यासारख्या औषधात काहीतरी तरंगत होतं. "काका, हे लगेच लॅबमध्ये नेऊन द्या. सांभाळून बरं का, पुन्हा नाही घेता येत हे सहज." मी ती पांढऱ्या थैलीत घालून स्कूटरच्या हुकाला अडकवली. वाटेत आठवलं, बायको रात्रीपासून उपाशी आहे. तिला भडंग आवडतं. म्हणून दुकानापाशी थांबलो. थैली काउंटरवर ठेवली, पैसे दिले, थैली उचलली. दुकानदाराच्या थैल्याही पांढऱ्याच असतात, हे मला विश्रामबागेत गेल्यावर कळलं.

परत येताना मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. डोक्यात एकच. बाटली हरवली, तर आत काय होतं ते कुणालाच कळणार नाही. ना डॉक्टरला, ना मला, ना तिला. आणि हरवली कशी, तर भडंगापायी.

दुकानदार मला लांबूनच बघून हसला. "या पावनं! म्हटलं, येतीलच. बाटलीवर बाईमानसाचं नाव हाय, वय पंचावन. कायतरी तपासायचं दिसतंय. हितं गिऱ्हाइकाच्या हाताला लागंल, म्हनून देवाजवळ ठेवलीया."

मी वर बघितलं. फळीवर गणपतीची तसबीर, तिला ताजा हार, समोर उदबत्ती, आणि तिच्या धुरात आमची बाटली. ज्या कारणापायी बायको दोन महिने चार-चार दिवस देवघराबाहेर राहिली, ते कारण इथे साक्षात गणपतीच्या मांडीशी बसलं होतं. देवाची काही तक्रार दिसली नाही. मी बाटली दोन्ही हातांत धरून घेतली. दुकानदाराला वाटलं मी प्रसाद घेतोय. त्याने वर एक जास्वंदाचं फूल दिलं.

ते फूलही मी चुकून लॅबमध्ये देणार होतो.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "कुकरला किती शिट्ट्या, सांगा बघू." मला वाटलं, अशक्तपणा असेल, हाताखाली माणूस हवाय. तुरीची डाळ कुठल्या डब्यात, कांदा-लसूण मसाला कुठल्या, दूध उतू जायच्या आधी कसं दिसतं, सगळं दाखवलं. साखर आणि मीठ ओळखायची परीक्षा घेतली. त्यात मी नापास झालो. चहा खारट लागला, पण ती पूर्ण प्यायली.

चौथ्या दिवशी मी वरण शिजवत होतो आणि ती शेजारी उभी राहून सांगत होती, "दूधवाल्याला रविवारी आठवण करावी लागते. पापडाचा डबा उन्हाळ्यात एकदा उन्हात ठेवायचा. नाहीतर पाखरं होतात." उन्हाळा सात महिन्यांवर होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, ही मला काय शिकवतेय आणि कशासाठी.

मी कांदे घेतले आणि चिरायला बसलो.

"वरणात कांदा?" तिने विचारलं.

"असू दे," मी म्हणालो आणि चार कांदे चिरले.

तिने कांद्यासाठी ताटली पुढे सरकवली. थोड्या वेळाने म्हणाली, "बारीक चिरा."

नवव्या दिवशी बाईंनी रिपोर्ट उघडला. मी खुर्चीच्या कडेला बसलो होतो, इतका कडेला की अर्धा उभाच होतो. "साधा कोंब होता," त्या म्हणाल्या. "तो पूर्ण निघालाय. कॅन्सर नाही. पिशवी काढायची काही गरज नाही. पण पुन्हा कधी डाग दिसला, तर त्याच आठवड्यात इथे यायचं."

मी बाईंना तीनदा धन्यवाद दिले, एकदा चुकून बाहेरच्या शिपायालाही दिले. मग आक्काला फोन केला. ती फोनवरच रडली आणि रडता रडता म्हणाली, "तरीबी काढली असती तर बरं झालं असतं." स्कूटरवर मागे बसलेली बायको काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल. माधवनगरच्या वळणावर मी हळूच म्हणालो, "चला, आता माझी स्वयंपाकघरातून सुटका."

तशी ती म्हणाली, "सुटका कसली? आता घाई नाही, एवढंच. भाकरी सावकाश शिकवीन."