पणजीचं नाव

माझ्या आत्याचं नाव मी एकदा खोडलं होतं. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

आई मंगोलियाची. कोरियातल्या एका कारखान्यात बाबांशी तिची गाठ पडली आणि लग्न होऊन ती थेट बोईसरला, कॉलनीतल्या दोन खोल्यांत आली. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. आईच्या देशात जुन्या राजवटीनं कुळांची नावं वापरायला बंदी केली होती. पुढे बंदी उठली, तोवर घराघरांत ती नावं विसरली गेली होती. पुष्कळांनी सरळ राजघराण्याचं नाव लावून टाकलं. आईनं नाही लावलं. खोटं मूळ तिला नको होतं.

म्हणून इथे आल्यावर ती आजीला धरून बसली आणि सासरच्या सगळ्यांची नावं विचारून तिनं वहीत उतरवली. तिच्याकडच्या रीतीनं, गोलात गोल काढून, मधोमध सर्वांत जुनी माणसं. लिपी तिची, पुढे मलाही तिनं शिकवलेली. बायकांचीही नावं होती.

आजी-आजोबा गेल्यानंतरच्या पितृपक्षात आत्या आमच्याकडे आली. बाबांची धाकटी बहीण, पण आईला तिनं कधी वहिनी म्हटलं नाही. "पितरांच्या सैपाकाला हिचा हात नको. हिच्या मुळाकुळाचा कुणाला पत्ता हाय?" असं म्हणून तिनं आईला स्वयंपाकघरातून उठवलं. आई गॅलरीत जाऊन बसली. बाबा पाटावर दर्भ नीट करत राहिले. माझ्या अंगाची आग झाली.

श्राद्ध सांगणाऱ्या गुरुजींनी बाबांना त्यांच्या आईचं, आजीचं नाव विचारलं, बाबांनी सांगितलं. पणजीचं विचारल्यावर बाबा आत्याकडे बघायला लागले आणि आत्या भिंतीकडे. गुरुजी म्हणाले, "आठवा जरा."

मी वही छातीशी धरून उभी राहिले. "यात आहे."

"मग वाच की!" आत्या म्हणाली.

मला वाचता येत होतं. "आईला विचार. वहिनी म्हणून हाक मार आणि आत बोलव."

आत्याचा चेहरा पडला. तो पडलेला मला पोटभर बघायचा होता, म्हणून मी हलले नाही. शेवटी ती गॅलरीच्या दारात गेली. "वहिनी, आत या." आई आली, वहीत न बघता नाव सांगितलं आणि तडक स्वयंपाकघरात गेली.

माझं समाधान झालं नाही. सगळे जेवत असताना मी वहीतलं आत्याचं नाव पेनानं गिरगटून टाकलं. वाढायला आलेल्या आईनं ते पाहिलं. आयुष्यात एकदाच तिनं मला थोबाडीत मारली.

"आमची नावं सरकारनं पुसली. तू कोण पुसणारी? लिही परत."

दातओठ खात मी आत्याचं नाव पुन्हा लिहिलं. अक्षर वेडंवाकडं यावं असं फार वाटत होतं. नेमकं ते सुरेख आलं, याचा मला अजून राग येतो.