बाबांच्या पलंगावरची एन.बी.एम.ची पाटी

माझे बाबा आज दुपारी गेले.

उपाशी गेले नाहीत, एवढं आधी सांगतो.

गेला आठवडाभर हॉस्पिटलमध्ये त्यांच्या डोक्याशी एक पाटी होती. एन.बी.एम. म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

गिळायची ताकद गेली होती. दिलेला घोट पोटाऐवजी फुफ्फुसात जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं.

माझ्या खिशात देवळातल्या तीर्थाची छोटी बाटली असायची. रोज न्यायचो, तशीच परत आणायचो.

घरचे म्हणायचे, "एक थेंब दिला तर काय होतंय?"

मी देत नव्हतो. हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. बाबा तेव्हा विशीतले, आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावाजवळ उसाच्या शेतात कामाला. मोळ्या उचलून उचलून हर्निया झाला. ऑपरेशन ठरलं.

आदल्या रात्रीपासून पोट रिकामं ठेवा, असं नर्सने सांगितलं होतं. आजीने ते कडक पाळलं. उपास कसा करायचा हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

फक्त सकाळी निघताना तिने देवळातून आणलेला शिरा बाबांना भरवला. वर केळं.

प्रसाद होता. प्रसादाने उपास मोडत नाही. त्यात काही चुकलं असं तिला वाटलं नाही, आणि बाबांनाही नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर डोक्याशी एक चाकांची गाडी होती, बाबा सांगायचे. तिच्यावर ईथरची काचेची बाटली, तिथून आलेली काळी नळी, आणि नळीच्या टोकाला रबराचा मास्क. घशात बसेल असा वास.

भूल देणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत विचारलं, "तो फिन मांजे?" काही खाल्लंस का?

"नों, दोक्तेर."

बाबा खोटं बोलत नव्हते.

मास्क जवळ आला. बाबांनी मान फिरवली. डॉक्टर म्हणाले, "पा पेर." घाबरू नकोस.

त्यावर बाबा छाती काढून म्हणाले, "मी कशाला घाबरू? देवाचा प्रसाद पोटात आहे."

मास्क तिथेच थांबला.

"किती प्रसाद?"

"वाटीभर. आणि एक केळं."

डॉक्टरांनी मास्क खाली ठेवला आणि नर्सला म्हणाले, "याला घरी पाठव. याच्या देवाने आज माझी नोकरी वाचवली."

भुलीत उलटी झाली असती तर तो शिरा श्वासनळीत गेला असता. बाबा टेबलावरच गेले असते. ही पोस्ट लिहायला मी नसतो.

नर्स आजीला खूप बोलली. आजी म्हणाली, "देवाचं कधी बाधतं का?"

मग दोघं बसने परत निघाली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "पण तुझ्या तोंडून वदवलं कोणी?"

 

पुढच्या खेपेला तिने प्रसाद आणला, पण झाकून मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली. बाबा शुद्धीवर आले, ईथरच्या उलट्या थांबल्या, तोवर तिनेही तोंडात काही घातलं नाही.

तेव्हापासून नात्यात कोणाचंही ऑपरेशन असलं की बाबांचा फोन ठरलेला. "प्रसाद धरून काही खाल्लं नाहीस ना?"

या आठवड्यात त्यांना बायपॅपचा, म्हणजे जोराने हवा देऊन श्वासाला मदत करणारा मास्क लावला होता. ते तो सारखा हाताने बाजूला सारायचे.

"रबराचा वास येतो."

"बाबा, हा प्लास्टिकचा आहे."

"तुला काय माहीत. तू तेव्हा जन्मला होतास का?"

घशात नळी नको, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना शुद्धीत असताना स्वतःच सांगितलं. बाईंनी केसपेपरवर डी.एन.आर. लिहिलं, म्हणजे हृदय थांबलं तर ते पुन्हा चालू करायची धडपड करायची नाही. ती अक्षरं मी परत एकदा वाचली.  बाबांचं ऐकलं गेलं, एवढंच वाटलं.

आज सकाळी बाईंनी मास्क काढला, नाकाशी ऑक्सिजनची साधी नळी लावली. मग पाटी काढून घेतली.

"आता त्यांना बरं वाटेल ते करा," म्हणाल्या. "ओठ ओले करा. अगदी बेताने."

मी बाटली उघडली. तुळशीचं पान बुडवून त्यांच्या ओठांना लावलं.

बाबांनी डोळे उघडले.

"दोक्तेरला विचारलंस?"

"विचारलं, बाबा."

"मग दे."

त्यांनी ओठ चाटले. परत मागितलं. परत दिलं.

दुपारी श्वास हळूहळू कमी होत थांबला. कशाची घरघर नव्हती. खोलीत तुळशीचा वास होता.

मोकळं वाटतंय. लिहायला संकोच होतो, पण खरं तेच आहे.

नमस्कार करतो, बाबा. आता पोटभर प्रसाद घ्या. कोणाला विचारायला नको.