सहाच्या घंटेला खाली आलेले हात

लुडिविना पादेर्नाल नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. सकाळी वॉर्डात सुई टोचताना थोराड बायांना "दुखलं का हो, मानांग?" असं मऊ विचारायची, आणि चारनंतर बॉक्सिंगच्या रिंगणात नाकं फोडायची. दंड गावी, एस्कलान्तेच्या फडात ऊस तोडून कमावलेले. आंतरकॉलेज स्पर्धेत सोनं आणलं तर फी माफ, नाहीतर परत हातात कोयता. हे तिला ठाऊक होतं, आम्हालाही.

फायनल आमच्याच कॅथलिक कॉलेजच्या जिममध्ये, बॅप्टिस्ट कॉलेजच्या ग्लोरिफेशी. पहिल्या फेरीत लुडीची भुवई फाटली. दुसरीत तिनं ग्लोरिफेचा ओठ असा फोडला, की पुढच्या रांगेतल्या आमच्या नन सिस्टर पुरांच्या पांढऱ्या झग्यावर शिंतोडे उडाले.

"येसू, मारिया!" सिस्टर किंचाळल्या. "अगं इंदाय, पोरी, बरगडीत घाल, बरगडीत!"

लुडीच्या कोच बर्नाबेंचं शीळ घातल्यासारखं चालूच होतं, "कोपर आत! आत म्हणजे आत, आजीच्या घरात नव्हे!"

तिसऱ्या फेरीत सहा वाजले आणि चॅपलची घंटा झाली. आमच्या आवारात या घंटेला जो जिथं असेल तिथं प्रार्थनेसाठी थांबतो. कँटीनमध्ये घास हातात राहतो, मैदानात चेंडू गोलात गेला तरी कुणी ओरडत नाही. तीन वर्षांच्या सवयीनं लुडीचे दोन्ही हात खाली आले, मान झुकली.

बॅप्टिस्टांकडे ही घंटा नसते. ग्लोरिफेनं उजवा ठोसा हाणला. जिम प्रार्थनेसाठी गप्प झालेली, त्यामुळे जबडा मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. लुडी धाडकन आडवी.

पंच टेओफिलो सर आमचेच जुने विद्यार्थी. तेही डोळे मिटून, "नमो मारिया, कृपापूर्ण..."

"अहो, मोजा की! पडलीय ती!" ग्लोरिफेचा कोच दोरावर चढून बोंबलला.

सरांनी डोळे न उघडता, थांबा म्हणून एक बोट वर केलं. तीन नमो मारिया, शेवटी आमेन. मग खाली पाहून दचकले, "एक!"

तोवर लुडी गुडघ्यावर आली होती. पाचला उभी राहिली. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती.

"लढतेस?"

तिनं हातमोजे वर केले. पुढची चाळीस सेकंदं तिनं ग्लोरिफेला दोरावर दाबून बरगड्या कांडल्या. ग्लोरिफे ओकली, बसली, उठलीच नाही.

मोजणी उशिरा सुरू झाली, अशी बॅप्टिस्टांनी तक्रार केली. समितीनं सरांना विचारलं, "प्रार्थना पूर्ण केलीत?"

"पूर्ण," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

सोनं ग्लोरिफेला गेलं. आमचे रेक्टर फादर लुडीला नाकातून म्हणाले, "मुली, स्वर्गात तुझी नोंद झाली आहे. पण फीमाफीचा नियम, तो नियमच."

पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी चांगली वीस मिनिटं तिच्या श्रद्धेचा दाखला दिला. सिस्टर पुरा मध्येच उठून बाहेर गेल्या. लुडी तेव्हा एस्कलान्तेत होती, तारेनं बांधलेल्या जबड्यातून नळीनं पेज ओढत, आणि पेज संपली की ऊस तोडत.